पहिला चिंचोका

२९ जानेवारी २०२५, बुधवार. पहाटे धुकं, साडेआठला विरलं. वारा दांडीच्या किनाऱ्याकडून, खारट. तळ्यावर (जि.डो.): थापट्या ११, भुवई बदक ६, चक्रांग १४, चांदवा १९, हळदीकुंकू बदक १, शेकाट्या ४. तलवार बदक नाही. रूपालीचा फोन; शनिवारी सकाळी गाडी घेऊन येते म्हणाली. दोन कपाटं रिकामी केली. यांचा राखाडी स्वेटर सुकाला दिला. हितेशला एक तारखेपासून दूध बंद सांगितलं.

एवढं लिहून वर्षाराणीबाईंनी जाड मार्करला टोपण लावलं आणि वहीवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या. पूर्वी एका पानात त्यांचा आख्खा आठवडा बसायचा. आता एका दिवसाला दोन पानं लागत, कारण अक्षर बोटाच्या पेराएवढं काढावं लागे.

डोळ्याचा पडदा मधोमध झिजलाय, असं पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं त्याला तीन वर्षं झाली. कडेने दिसेल, मधलं दिसणार नाही, असं ते म्हणाले होते. झालंही तसंच. समोर पाहिलं की जगाच्या मध्यावर एक धुरकट वाटोळा डाग येई, आणि ज्याच्याकडे पाहावं तेच नेमकं त्यात बुडे. माणसाकडे पाहिलं की चेहरा जाई, खांदे उरत. घड्याळाकडे पाहिलं की काटे जात, आकडे उरत. काही पाहायचंच असेल तर त्याच्या शेजारी कुठेतरी नजर ठेवून गप्प बसायचं. मग ते आपणहून कडेला येऊन उभं राही, लाजऱ्या पाहुण्यासारखं.

बाईंना या जगाची सवय झाली होती. कधीकधी ते त्यांना आवडायचंसुद्धा. पहाटे ओट्यावर बसलं की तळं दिसायचं नाही. तळ्याच्या भोवतीचं मात्र दिसायचं. बोरूचं बेट, बांधावरचे ताड, फार लांब बोईसरच्या कारखान्यांचे विझत चाललेले दिवे. चौकट जागेवर असायची. आतलं पाणी, पाण्यावरचं धुकं, धुक्यातली बदकं ही आपली आपण भरायची.

वहीत मात्र असं आपल्या मनाने भरून चालत नसे. कोल्हापूरच्या कॉन्व्हेंटात सातवीच्या वर्गाला सिस्टर बेनेडिक्टांनी डायरी लिहायला शिकवलं, त्या मुलींपैकी साठ-पासष्ट वर्षांनंतरही ती लिहिणारी बहुधा या एकच असाव्यात. सिस्टरांचं म्हणणं असं, की डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. लिहिलेलं खोडायचं नाही. चूक झाली असेल तर ज्या दिवशी कळेल त्या दिवशीच्या पानावर ती सरळ कबूल करायची. आणि दिवसाची शेवटची ओळ घरातली हवी. दूध, मीठ, रॉकेल, काहीही. “नाहीतर मुली, तू ढगात राहायला जाशील,” सिस्टर म्हणायच्या. बाई लग्नानंतर इंग्रजीतून मराठीत लिहू लागल्या, पण बाकी काही बदललं नाही.

मारुतीराव इंगवले वीज प्रकल्पात नोकरीला लागले आणि हे कोल्हापूरकडचं जोडपं तारापूरच्या वसाहतीत राहायला आलं. आठवडाभर यंत्रांच्या काट्यांवर नजर ठेवणारा तो माणूस रविवारी स्कूटर काढायचा आणि बायकोला मागे बसवून वाणगावच्या वाटेवरच्या या तळ्यावर यायचा. तो दुर्बिणीतून पाही, मग दुर्बीण तिच्या हाती देई. दोघांचे आकडे जुळले की ती लिही. नाही जुळले तर घरी जाईपर्यंत भांडण. १९८६च्या हिवाळ्यात त्यांनी पहिल्यांदा तलवार बदकं पाहिली. लांब मान, मानेवर वर चढत गेलेली पांढरी रेघ, आणि मागे उचललेली सुईसारखी शेपटी. त्या दिवशी चोपन्न होती. मारुतीराव बांधावर उभे राहून म्हणाले होते, “राणी, ही आपली पाहुणेमंडळी बरं का. आपल्यासारखीच लांबून आलीत.”

निवृत्तीनंतर त्यांनी तळ्याकाठीच दोन खोल्या आणि एक ओटा बांधला. पाहुणेमंडळी मात्र कमी होत गेली. तीस, अठरा, सात. जानेवारी २०२०मध्ये दोन. त्याच वर्षी श्रावणात मारुतीराव गेले. पुढच्या दोन हिवाळ्यांत बाईंनी एकटीने मोजलं, मग डोळे गेले, आणि डायरीत पहिल्यांदा ती दोन अक्षरं आली, जि.डो., म्हणजे जिवलीचे डोळे.

जिवली पलीकडच्या पाड्यावरची. तिचा नवरा सुका तळ्यात शिंगाडे लावायचा, ती ते उकडून बोईसरला स्टेशनबाहेर विकायची. तळ्यावरचं एकूण एक पाखरू तिच्या ओळखीचं होतं, फक्त नावं तिची स्वतःची होती. थापट्याला ती फावड्या म्हणायची, शेकाट्याला लंगड्या बामण. बाईंनी मारुतीरावांची दुर्बीण तिच्या हातात दिली तेव्हा तिने एकदा डोळ्याला लावली आणि परत केली. “डोकं फिरतं यात. पाखरू नाकावर येऊन बसतं.”

मोजण्याची तिची रीतही वेगळी होती. बदकं हलतात, तोंडाने मोजता मोजता आकडा निसटतो, म्हणून ती पदराच्या गाठीत चिंचोके घेऊन बांधावर उभी राही. एका पाखराला एक चिंचोका. एक जात संपली की पळसाच्या पानात त्याची पुडी. मग ओट्यावर येऊन ती एकेक पुडी बाईंच्या ओंजळीत रिकामी करी. “घ्या, ही फावड्याची. ही चांदव्याची.” बाई डोळे मिटून बोटांनी चिंचोके मोजत. गुळगुळीत, गार, थोडे दवाने ओले. त्या मोजणीत बाईंना असं वाटे, की पाखरंच हातात येऊन बसली आहेत, आणि मूठ मिटली तर पंख लागतील.

“हातानं मोजलेलं चुकत नाय बाई,” जिवली म्हणायची. “तोंडानं मोजलेलं वाऱ्यावर जातं.”

तीन हिवाळे असे गेले. तलवार बदकाची पुडी मात्र एकदाही आली नाही. बाई विचारत, “लांब शेपटीचे?” आणि जिवली म्हणे, “त्याची पुडी नाय.” बाई लिहीत, नाही.

आणखी एक गोष्ट बाईंच्या मनाला लागली होती. हळदीकुंकू बदकं इथली बारमाही, नेहमी जोडीने फिरणारी. तीन हिवाळे त्यांच्या पुडीतून एकच चिंचोका निघे. एकदा, २०२३च्या डिसेंबरात, बाईंनी सिस्टरांचा शिरस्ता मोडून त्या आकड्यापुढे एक शब्द जादा लिहिला होता, बिचारी.

रूपाली चिंचवडला राहायची. वडील गेल्यापासून दर फोनमध्ये तिचं एकच म्हणणं. “आई, तिथे आता काय आहे? दिसत नाही, कुणी नाही. इथे खोली रिकामी आहे.” गेल्या दिवाळीत बाई शेवटी म्हणून गेल्या, “यंदा जानेवारीअखेरपर्यंत तलवार बदक आलं नाही, तर येते मी. घर बंद करून येते.” रूपालीला ही अट विचित्र वाटली, पण तिने ती घट्ट धरून ठेवली. बाईंना मात्र ती विचित्र वाटली नव्हती. ज्या पाहुण्यांसाठी घर बांधलं तेच येईनासे झाले, मग कुणाची वाट पाहत दार उघडं ठेवायचं? तळ्याने आपलं नाव काढून टाकलंय, असं त्यांना आतून वाटू लागलं होतं. आणि आता जानेवारीचे दोनच दिवस राहिले होते.

गुरुवारी सकाळी आठला जिवली आली तेव्हा बाई काठी घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. अंगावर शाल, पायात मारुतीरावांचे जुने कॅनव्हासचे बूट.

“आज मी येते बांधावर.”

“पडाल. रूपालीताय माला धरंल.”

“परवा मी जाणारच आहे. मग तुला कोण धरणार?”

“मंग जाताना चिखलात लोळूनच जायचं का?” असं म्हणत जिवलीने हात पुढे केला. तो तळहात शिंगाड्याच्या काट्यांनी खरखरीत झाला होता. दोघी निघाल्या.

धुकं अजून उठलं नव्हतं. बाईंच्या डोळ्यांतलं धुकं आणि बाहेरचं धुकं कुठे एकमेकांत मिसळतं ते कळत नव्हतं, आणि त्यामुळे त्यांना आज उलट बरं दिसतंय असं वाटलं, कारण आज सगळ्यांनाच तेवढंच दिसत असणार. ओल्या गवताचा वास येत होता. पाण्यावरून बदकांची कुजबूज येत होती, झोपेत कुणी बोलावं तशी. कारखान्याच्या बसचा हॉर्न लांबवर वाजला आणि विरला.

बांधाच्या वळणावर त्यांनी पाण्याकडे मान वळवली, आणि थबकल्या.

पाण्यात मारुतीराव उभे होते.

राखाडी स्वेटर, किंचित वाकलेले खांदे, कमरेपर्यंत पाणी. चेहऱ्याच्या जागी नेहमीचा डाग. बाईंनी श्वास रोखला. नजर हलवावी असं त्यांना वाटेना. हलवली तर चेहरा दिसेल, आणि चेहरा दिसला तर सगळं संपेल. कितीतरी वेळ, निदान त्यांना कितीतरी वाटला, त्या तशाच त्या नसलेल्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

“बाई!” स्वेटर ओरडला. “सोटर लय गरम हाय! पाण्यातपण थंडी वाजत नाय!”

“अरं मुडद्या, पाण्यात घालतात का सोटर!” जिवली किंचाळली. “बाईंनी कालच दिला नं!”

“मंग काय उन्हाळ्यात घालू?” म्हणत सुकाने शिंगाड्याचे जुने वेल ओढून ट्रकच्या ट्यूबवर टाकले आणि ट्यूब ढकलत तो धुक्यात गेला. बाईंनी श्वास सोडला. त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. ओल्या डोळ्यांनी कडेचंसुद्धा दिसत नाही, म्हणून त्यांनी शालीने ते पुसले.

बांधाच्या कोपऱ्यात नांदरुखाखाली एक शेंदूर लावलेला दगड होता, पाड्याचा देव. तिथे जिवलीने त्यांना बसवलं आणि पदराची गाठ सोडून मोजायला लागली. बाईंनी पाण्याकडे पाहिलं नाही. त्यांनी नजर बोरूच्या बेटावर ठेवली आणि गप्प राहिल्या.

हळूहळू कडेला पाखरं येऊ लागली. थापट्यांचा गठ्ठा. चांदव्यांचे काळे ठिपके, ते सारखे भांडत होते. आणि त्यांच्यापासून बरंच बाजूला, अगदी नजरेच्या काठावर, एक एकटा आकार. बाईंनी मान रेसभरही हलवली नाही. लांब मान. मागे काहीतरी बारीक, उचललेलं, बोरूच्या काडीसारखं. काडी पाण्याबरोबर हलते. ही हलत नव्हती. मग त्या आकाराने डोकं पाण्यात घातलं, आणि ती काडी आभाळाकडे सरळ उभी राहिली.

“जिवली.” बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. “बेटाच्या डावीकडे ते एकटं कोण आहे?”

“त्यो? त्यो लांबशेपट्या.”

“कधी आला?”

“दिवाळी झाल्यावर आला की. रोजचाच हाय.”

बाईंनी काठी घट्ट धरली. “रोजचाच? मी रोज तुला विचारते.”

“तुमी इचारता पुडी हाय का. पुडी नायच त्याची.”

“का नाही?”

जिवलीला हा प्रश्न इतका खुळ्यासारखा वाटला, की ती मोजायची थांबली. “एकच हाय नं त्यो! एकाची पुडी कशी व्हईल? पयला देवाचा.”

मग तिने सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. खळ्यावर भात मोजताना पहिलं माप देवाचं. ते मोजणीत धरायचं नाही. शिंगाड्याची पहिली टोपली काढली की वरचा शिंगाडा या दगडापुढे. तिच्या सासऱ्याने हे घालून दिलं होतं, आणि पाखरंसुद्धा देवाच्या तळ्यातलीच, तेव्हा प्रत्येक जातीचा पहिला चिंचोका इथे दगडापाशी. मग राहिलेले पुडीत. लांबशेपट्या एकटा, त्याचा एक चिंचोका देवाला गेला, पुडीला काय उरणार?

“आणि मागच्या वर्षी?”

“मागच्या सालीपण एकटाच. त्याच्या मागच्या सालीपण.”

“तीन वर्षं!” बाईंना आधी राग आला, चांगला पायापासून वर चढत आला. “तीन वर्षं मी ‘नाही’ लिहितेय. अगं, मला सांगायचंस तरी!”

“माला काय ठाव तुमाला ठाव नाय? तुमी एवढ्या लिव्हणाऱ्या-वाचणाऱ्या. देवाचं आधी काढतात हे काय सांगायचं व्हय? उद्या म्हणाल, भात शिजवताना पाणी घालतात हेपण सांग.”

बाईंचा राग ओसरत होता, आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येत होतं.

“थांब. हळदीकुंकू किती आहेत?”

“कोण, त्या चोचीवर पिवळं-तांबडं लावलेल्या? दोन. नवरा-बायको. कायम दोनच.”

“पुडीत एकच असतो.”

“एक देवाचा नाय का?” जिवली कंटाळून म्हणाली.

आणि बाई हसल्या. तळ्यावरचे चांदवे दचकून पाण्यावरून धावत सुटले इतक्या मोठ्याने हसल्या. तीन हिवाळे त्यांनी एका भरल्या संसारातल्या बदकीला विधवा करून ठेवलं होतं. तिच्यासाठी उसासे टाकले होते. ‘बिचारी’ लिहिलं होतं, तेही शाईने.

“काय झालं, बाई?”

“काही नाही. ते चिंचोके कुठे आहेत गं? देवाचे?”

“इथंच की. बकऱ्या खातात निम्मे. मागं हात घाला.”

जिवलीने त्यांचा हात धरून दगडामागे नेला. तिथे खोबणीत पाला साचला होता. बोटांना आधी ओलसर माती लागली, मग चिंचोके, काही फुगलेले, काही फुटलेले. आणि त्यांच्यामधून काहीतरी मऊ, दाटीवाटीने उभं असलेलं. बारीक ताठ दांडे, त्यांना जोडीजोडीने लागलेली इवली पानं. बाईंनी डोळे मिटून मोजलं. चिंचेची सहा रोपं होती. पावसाळ्यात रुजलेली, दगडाच्या आडोशाने बकऱ्यांपासून वाचलेली. बोटाने हलकेच स्पर्श केला की पानं थरथरत.

म्हणजे ही नोंद इथे होत होती. आपण वहीत ‘नाही’ लिहीत होतो, आणि इथे कुणीतरी दर सकाळी, न चुकता, ‘आला’ म्हणून लावत होतं.

“बाई,” जिवली एकदम म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच कसनुसा झाला. “तुमी त्या रूपालीतायला बोलला व्हतात, लांबशेपट्या नाय आला तर जाते. म्हणून चाललाय का? माज्या देवापायी?”

बाईंची नजर पुन्हा बेटावर होती. आकार तिथेच होता. धुकं उठत चाललं होतं तशी ती उचललेली शेपटी क्षणभर दिसे, क्षणभर नसे.

“पुढच्या वर्षी,” त्या शेवटी म्हणाल्या, “देवाचे चिंचोके मला आधी दाखवायचे. मग दगडापाशी ठेव. देवाला चालेल?”

जिवलीने दगडाकडे पाहिलं, मग बाईंकडे. “त्याला काय, त्यो कुठं मोजतो?”

संध्याकाळी रूपालीचा फोन आला. “आई, बॅगा भरल्यास?”

“भरल्या होत्या.”

“होत्या म्हणजे?”

“तलवार बदक आलंय.”

“आई, खरं सांग. तुला दिसलं?”

“दिसलं. कडेने.”

“किती?”

“एक.”

“एक! एका बदकासाठी तू...” रूपाली थांबली. आईचा स्वर तिने बऱ्याच वर्षांत असा ऐकला नव्हता. “मी शनिवारी येतेच आहे. भांडायला.”

“ये की गं. सकाळी लवकर पोच. आठाच्या आत आलीस तर दाखवते.”

मग बाईंनी दिवा जवळ ओढला, वही उघडली, कोरं पान बोटाने चाचपून घेतलं आणि मार्करचं टोपण काढलं.

३० जानेवारी २०२५, गुरुवार. धुकं नऊपर्यंत. बांधावर जाऊन आले, जिवलीचा हात धरून. थापट्या १३, भुवई बदक ७, चक्रांग १५, चांदवा २०, हळदीकुंकू बदक २, शेकाट्या ५. तलवार बदक १, स्वतः पाहिलं. चूक: डिसेंबर २०२२पासून कालपर्यंत प्रत्येक जातीत एक मिळवावा. जिथे ‘नाही’ लिहिलं आहे तिथे ‘एक असेल’ असं वाचावं. ‘बिचारी’ हा शब्द मागे घेत आहे. देवाच्या दगडामागे चिंचेची रोपं ६. रूपाली शनिवारी येणार. हितेशला दूध बंद करू नको म्हणून कळवलं. रोज अर्धा लिटर, पूर्वीसारखंच.